श्रावणजींच्या डोक्यावरचे बिऱ्हाड

कोणाही नव्या माणसाची ओळख झाली की श्रावणजी निकुरे त्याचे नाव विचारीत नसत, गाव विचारीत नसत, पगाराची चौकशी तर कधीच करीत नसत. ते विचारीत, "तुमच्या डोक्यावर कोन राह्यते?"

मला हा प्रश्न त्यांनी आरमोरीच्या मोटारथांब्यावर विचारला. तेथील शाळेत माझी नुकतीच नेमणूक झाली होती आणि एक ट्रंक, एक वळकटी व पत्नी यांच्यासह मी धुळीने माखून मोटारीतून उतरलो होतो. प्रश्न ऐकून मी गांगरलो आणि वर पाहिले. वर चिंचेचे झाड होते.

"वानर," मी प्रामाणिकपणे उत्तरलो.

"तेच तं!" ते एकदम प्रसन्न झाले. "साऱ्या आरमोरीत हेच हाये. डोक्यावर छपराचे कवेलू, कवेलूवर वांदरं. मानूस कोनाच्याच डोक्यावर नाई. चला माझ्यासंगं."

एवढे बोलून त्यांनी आमची ट्रंक उचलली आणि अर्ध्या तासात आम्ही त्यांचे भाडेकरू झालो. आमची संमती त्यांनी घेतली होती की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

श्रावणजी धानाच्या गिरणीवर इंजिन सांभाळीत. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने सडसडीत, अविवाहित. वैशाखातही डोक्यावर तपकिरी लोकरीची टोपी. लढाईच्या काळात सरकारने आपल्याकडचे काही होतकरू कारागीर यंत्रकाम शिकण्यासाठी विलायतेत पाठवले होते, त्यांत हे होते. ग्लासगो नावाच्या शहरात त्यांनी अडीच वर्षे काढली. तेथून परतताना बहुतेक जण घड्याळ, रेझर किंवा निदान इंग्रजी शिव्या घेऊन आले. श्रावणजी एक घर घेऊन आले. अर्थात डोक्यात.

त्या घराचे वर्णन मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की मी स्वतः तेथे राहिलो होतो असे मला कधी कधी वाटते. बाजाराच्या दिवशी गिरणीसमोर चार माणसे जमली की कोणीतरी मुद्दाम विषय काढी आणि श्रावणजी अत्यंत गंभीरपणे सांगू लागत.

"दगडाची इमारत. मजले चार, बिऱ्हाडं आठ, जिना एक."

"आंगन केवढं जी?"

"आंगन नाई."

"मंग गाय कुठी बांधते?"

"गाय नाई."

"सडा कुठी टाकते?"

"सडा नाई. जिना धुते. ज्याची पाळी असन त्याच्या दाराले पाटी लटकवते. पाटी दिसली का बाई बादली घेऊन निंगाली."

"अन् झोपते कुठी, भाऊ?"

"चुलीच्या खोलीतच, भितीत मोठा कोनाडा असते. त्यात पलंग."

"कोनाड्यात?" एक म्हातारा शेतकरी मनापासून हळहळला. "आमी तं कोनाड्यात चिमनी ठेवतो गा."

"अन् ओले कपडे छताले. छताले चाकं, चाकाले दोरी. दोरी ओढली का कपडे वर, मानसं खाली."

"म्हंजे बायकाईच्या लुगड्याखालून जेवते का बाप्पा?"

"तिथी लुगडं नाई!" श्रावणजी ओरडत, आणि सारी गिरणी हसू लागे. ते स्वतः हसत नसत. यंत्राचा एखादा भाग लोकांना कळला नाही तर तो पुन्हा उलगडून दाखवावा, तशी त्यांची मुद्रा असे.

आरमोरीत हे हसण्यासारखेच होते. तेथे ज्याच्या त्याच्या घराला ऐसपैस अंगण, मागे वांगी-भोपळ्याची वाडी, एका बाजूला गोठा, आणि मग दुसऱ्याचे कुंपण. जागेला तोटा नव्हता. अशा गावात श्रावणजींनी सडकेच्या कडेला एक दुमजली इमारत उभी केली. खाली दोन घरे, वर दोन घरे, मध्ये सागवानी जिना. ते तिला 'फ्लॅट' म्हणत, गाव तिला 'विलायती' म्हणे. जिना बांधणारे रहमानमिस्त्री मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तरसाब, लोग मकान बनाते हैं, उसमें जिना रखते हैं. ये आदमी जिना बनाता है, फिर उसको मकान चिपकाता है."

इमारत झाली, पण वर राहायला कोणी येईना. अडचण जागेची नव्हती, पायांची होती. खालच्या घरात देव असणार, आणि वरचा माणूस त्या देवाच्या डोक्यावरून चालणार. हे पाप कोणाच्या पदरी? वरच्याच्या, की चालू देणाऱ्या खालच्याच्या? गावात यावर आठवडाभर खल झाला. श्रावणजींनी तो शांतपणे ऐकला आणि मग रहमानमिस्त्रींना बोलावून आतल्या भिंती पुन्हा पाडल्या. आठ दिवसांनी त्यांनी जाहीर केले, "देवाच्या वर देव, चुलीच्या वर चूल, न्हानीच्या वर न्हानी. आता देवाच्या डोक्यावर देवच बसन. त्याईचं त्याईनं पाहावं."

या तोडग्यापुढे गावाला बोलायला जागा उरली नाही. खाली एका घरात श्रावणजी, दुसऱ्यात आम्ही होतो; आमच्या डोक्यावर एक पटवारी सहकुटुंब राहावयास आले. त्यांच्या वृद्ध मातोश्री मोठ्या कर्तव्यतत्पर होत्या. दारावर 'आज जिना तुमच्याकडे' ही पाटी पहिल्यांदा लटकली, त्या दिवशी त्यांनी पहाटे उठून संपूर्ण सागवानी जिना वरपासून खालपर्यंत शेणाने सारवला आणि प्रत्येक पायरीवर रांगोळीचे एक एक पद्म काढले. श्रावणजी सकाळी बाहेर आले. त्यांनी जिन्याकडे पाहिले, टोपी काढली, पुन्हा घातली.

"गलासगोत असं नाई करत, बाई."

"तुमच्या गलासगोत गायच नाई, भाऊ," मातोश्री वरून म्हणाल्या, "ते कायले करतीन?"

श्रावणजी टोपी सावरीत गिरणीवर निघून गेले.

तरीही चौथे घर रिकामे होते, आणि ते नेमके श्रावणजींच्या डोक्यावरचे होते. त्याला भाडेकरू मिळत नव्हते असे नाही. वनखात्याचा एक कारकून दोनदा येऊन गेला. एक तांदळाचे व्यापारी वर्षभराचे भाडे आगाऊ द्यायला तयार होते. श्रावणजी सर्वांना एकच उत्तर देत, "ते घर दिलेलं हाये." कोणाला, ते सांगत नसत. त्यांना डोक्यावर शांतता हवी असेल, अशी मी माझ्यापुरती समजूत करून घेतली. ती किती चुकीची होती, ते एका संध्याकाळी कळले.

त्या दिवशी मी तापाने अंथरुणावर होतो. श्रावणजी समाचाराला आले, माझ्या उशाशी बसले आणि छताकडे बोट दाखवून म्हणाले, "तुमी आज शाळेत गेले नाई, हे पटवाऱ्याच्या घरी कोनाले समजलं नाई. खालच्याले वरचा आयकू येते, वरच्याले खालचा येत नाई. हे पक्कं ध्यानात ठेवा." मग त्यांनी स्वतःच्या तापाची हकिकत सांगितली. ग्लासगोत ते तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. खालच्या मजल्यावर एक जाडजूड बाई होती. तिचा यांच्याशी परिचय एवढाच की यांचे बूट वाजले की ती खालून छताला झाडूचा दांडा ठोकी. एका थंडीत हे तापाने दोन दिवस उठू शकले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती बाई माणसे घेऊन वर आली आणि तिने दार फोडायला लावले.

"जी बाई माझ्या बुटाच्या नावानं बोंबलत होती, मास्तर, ते बूट वाजले नाई म्हनून तीच धावत आली."

त्यांनी माझे पांघरूण वर ओढले. "त्याच हिवाळ्यात इकडून कागद आला. माय गेली म्हनून. घरात पडली होती. दोन दिवसानं समजलं लोकाईले."

त्यांच्या आईचे घर गावाच्या उत्तर टोकाला होते. त्यानंतर सर्वांत जवळचे घर भागरताबाईंचे, आणि ते जवळ म्हणजे मध्ये दोन वाड्या आणि एक बोडी, अर्थात छोटे तळे, टाकून. भागरताबाई त्यांच्या आईच्या मैत्रीण. त्याही विधवा, मूलबाळ नाही, सत्तरीच्या पुढे, आणि तशाच एकट्या. चौथे घर त्यांच्यासाठी होते.

"त्या तयार आहेत?" मी विचारले.

"नाई," श्रावणजी म्हणाले. "होतीन."

भागरताबाई तयार होण्याचे मुळीच चिन्ह नव्हते. त्यांनी पहिल्यांदा कारण दिले गुडघ्यांचे. "मले जिना चढवत नाई गा सरावन." श्रावणजींनी नवाकोरा सागवानी जिना उखडला आणि अर्ध्या उंचीच्या, दुप्पट पायऱ्यांचा दुसरा जिना करून घेतला. तो इतका लांबला की इमारतीतून बाहेर पडून जवळजवळ सडकेला भेटायला गेला. त्यावरून धडधाकट माणसाला चढणे अशक्य झाले. मला प्रत्येक वेळी आपण नृत्य शिकत आहोत असे वाटे. भागरताबाईंनी दुसरे कारण काढले भोपळ्याचे. वर वेल कुठे लावायचा? श्रावणजींनी गुरांना आंबोण घालायच्या दोन फुटक्या नांदा माती भरून वरच्या गॅलरीत चढवल्या, आणि श्रावणात त्या घराच्या कठड्यावर भोपळ्याची फुले आली. रिकाम्या घराला पाणी घालायला ते स्वतः रोज त्या नृत्याच्या जिन्याने चढत. तिसरे कारण गाईचे निघाले. श्रावणजींनी इमारतीमागे गोठा बांधला. चौथे कारण मात्र भागरताबाईंनी दिलेच नाही. श्रावणजी दिसले की त्या दार लावून घेऊ लागल्या.

गाव आता हसेनासे झाले होते. "सरावन येडा झाला," असे बायका विहिरीवर काळजीच्या सुरात बोलत. पटवारी सभ्यपणे सुचवीत, "भाऊ, म्हातारीले सोडून दुसरं बिऱ्हाड पाहा ना."

चौथे कारण अखेर माझ्या पत्नीने काढून आणले. ती चिंच आणायच्या निमित्ताने भागरताबाईंकडे गेली, दुपारभर तेथे चिंचा फोडीत बसली आणि परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती म्हणाली, "त्या म्हणतात, 'त्याची माय आतमधे हाका मारत असन व बाई, अन् मी इथी भाजी निवडत बसली होती. मले आयकू नाई आलं. आता त्याच्याच डोक्यावर पाय देऊन चालू? कोन्या तोंडानं?'"

हे श्रावणजींना सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते फार वाईट रीतीने केले. दोन वेळा गिरणीवर जाऊन हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो, तिसऱ्या वेळी इंजिनाच्या आवाजात घाईघाईने सांगून टाकले. त्यांनी इंजिन बंद केले. हात पुसले. मग म्हणाले, "मंग मोजून पाहू."

"काय मोजणार?"

"आवाज."

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी मला आईच्या बंद घरात नेले. कुलूप उघडले, आतल्या खोलीत मला उभे केले, आई गेली तेव्हा दार जितके लोटलेले होते असे लोक सांगत, तितके लोटले. "मी मावशीच्या आंगनात जातो. तुमी तीनशे मोजा. मंग वरडा. तीनदा."

"काय ओरडू?"

"काही बी. मदतीले बोलावल्यावानी."

वर्गातही ज्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नसे, अशा माणसाची त्यांनी या कामी निवड केली, याचे मला आश्चर्य वाटले. मी तीनशे मोजले. पहिली हाक हजेरी घेतल्यासारखी झाली. दुसरी जरा बरी होती. तेवढ्यात माझी नजर समोरच्या भिंतीवर गेली. तेथे हात टेकून टेकून जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर एक पट्टा गुळगुळीत, काळसर झाला होता. एकटे म्हातारे माणूस रोज त्या भिंतीच्या आधाराने चुलीपर्यंत जात होते. आपण कोणाच्या जागी उभे आहोत ते मला तेव्हा उमगले. तिसरी हाक माझी मलाच ओळखू आली नाही.

मी बोडीच्या बांधावरून भागरताबाईंच्या अंगणात पोहोचलो. त्या ओट्यावर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. श्रावणजी हातात घड्याळ घेऊन उभे होते.

"वरडले का, मास्तर?"

"तीनदा."

"आयकलं, मावशी? मास्तर तीनदा वरडले. जवान मानूस. तुमाले आयकू आलं?"

"नाई गा."

"मले बी नाई," श्रावणजी म्हणाले. इंजिनाचा दाब वाचून सांगावा तसा त्यांचा स्वर होता. "इतक्या दूर आवाज येतच नाई. याच्यात कोनाचा दोष नाई. घरं दूर होती, बस."

भागरताबाई त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या. "खरंच तुले आयकू नाई आलं, सरावन?"

"इंजिनातला एक नट ढिला झाला तं मले सडकेवर समजते, मावशी. आवाज आला असता तं मले आयकू आला असता."

त्या उठल्या, आणि गाईचे दावे सोडू लागल्या.

मी घरी आलो तेव्हा पत्नी कमरेवरची घागर उतरवीत होती. ती गावविहिरीवरून आली होती. आणि श्रावणजींच्या आईच्या घरापासून ती विहीर भागरताबाईंच्या घराच्याही पलीकडे आहे. "सुट्टीच्या दिवशी कोणावर ओरडत होता हो?" तिने विचारले. "विहिरीवरच्या साऱ्या बायका दोर सोडून उभ्या राहिल्या."

मी तिला काय उत्तर दिले ते आठवत नाही. खरे उत्तर दिले नाही, एवढे नक्की. श्रावणजींनाही मी कधी काही विचारले नाही.

भागरताबाई त्याच आठवड्यात राहायला आल्या. गाय गोठ्यात गेली, देव देवावर बसले, आणि चार मडकी, एक जाते व बाईंचे गुडघे अर्ध्या उंचीच्या पायऱ्यांवरून सुखरूप वर पोहोचले. श्रावणजींनी त्या दिवशी गिरणीवरून रजा घेतली होती. संध्याकाळी ते आपल्या खोलीत बाजेवर उताणे पडून छताकडे पाहत राहिले.

छतातून काहीच ऐकू आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ते अस्वस्थ होऊन माझ्याकडे आले. "मास्तर, तुमाले वरून काही आयकू येते?" मी नाही म्हणताच ते तसेच जिन्याकडे धावले. मीही मागोमाग गेलो. वरचे दार उघडे होते. भागरताबाईंनी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आपल्या साऱ्या वाकळा अंथरल्या होत्या आणि त्यांवरून चवड्यांवर चालत त्या भोपळ्याला पाणी घालायला निघाल्या होत्या.

"हे काय, मावशी?"

"तुह्या डोक्यावर पाय वाजवू का रे? पाप लागन मले."

"नाई वाजवले तं मले घोर लागते!" श्रावणजी जवळजवळ ओरडले. "गुंडाळा त्या वाकळा. चालाचं तं टाच टेकवून चाला. भांडं पाडा. जातं फिरवा. याच्याचसाठी आनलं तुमाले इथी!"

भागरताबाईंनी तांब्या खाली ठेवला.

"बरं. वाजवन मी," त्या म्हणाल्या. "पन तुह्यं काय?"

"माझं काय?"

"तू खाली हाये का नाई, बरा हाये का नाई, मले वर कसं समजन? तुह्या मांगं कोन हाये पाहाले?" त्यांनी वाकून पहिली वाकळ उचलली. "सकारी उठला का खोकलत जा. चांगला जोरानं. मले कमी आयकू येते. तुले तं मालूमच हाये."

श्रावणजींनी तोंड उघडले. मला वाटले, आता ग्लासगो येणार. पण त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले, टोपीची कड विनाकारण खाली ओढली आणि ते खाली उतरू लागले. एवढ्या बुटक्या पायऱ्या, पण त्यांना फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो. शेजारच्या वरच्या घरातून टाचांचा धप धप आवाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला आणि थांबला. मग भिंतीपलीकडून एक खोकला आला. निरोगी माणसाचा, अत्यंत संकोचलेला, सभेत उभे राहण्यापूर्वी काढावा तसा.

"आयकू नाई आलं, सरावन!" वरून आवाज आला.

श्रावणजी आणखी जोराने खोकले.